आर्चीला दाखवायची पिशवी

स्केटनेसच्या वाटेवर गेट बसवून त्याला कुलूप ठोकलं ते आपल्या माणसाने. मराठी माणसाने. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही उगाच एखाद्या लालबुंद चेहऱ्याच्या गोऱ्या जमीनदाराला शिव्या घालत बसणार नाही. मी आयुष्यभर त्यालाच घालत आले. सगळ्या फुकट गेल्या.

मी सुमेधा. एडिनबराच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते आणि रविवारी समुद्रात बुडी मारून लॉबस्टर पकडते. हो, पन्नाशीची बाई. हो, त्या थंड पाण्यात. ‘काय गं, वेड लागलंय का?’ हा प्रश्न अलिबागच्या माहेरापासून इथल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, तेव्हा तुम्ही नाही विचारलात तरी चालेल. आमचे हे शाकाहारी. आणि पाण्याला इतके घाबरतात की स्विमिंग पूलच्या कॅफेतसुद्धा खिडकीपासून लांबचं टेबल धरतात. त्यामुळे पाण्यात माझ्या जोडीला असते ती मोइरा, शाळेत भूगोल शिकवणारी माझी मैत्रीण.

लॉबस्टर म्हणजे आपली शेवंडच. फक्त इथल्या शेवंडीला पुढे दोन जाडजूड नांग्या असतात, त्यात बोट सापडलं की आठवडाभर हातात पेन धरता येत नाही.

स्केटनेस एडिनबराहून गाडीने तासाभरावर. मोठ्या रस्त्यावरून एक पायवाट खाली उतरते, एका जुन्या दगडी घराच्या भिंतीला लागून. खाली गोट्यांचा लहानसा किनारा, पाण्यात उतरणारा सिमेंटचा स्लिपवे, एक पत्र्याची शेड आणि एक होडी. शेड आणि होडी आर्चीची. आर्ची सत्तरीचा कोळी. तो क्रील टाकतो. क्रील म्हणजे जाळीचा पिंजरा, आत वास मारणारा माशाचा तुकडा, वर दोरी, आणि दोरीच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा नारिंगी गोळा. त्यावर त्याचं घर चालतं. माझं नाही चालत, माझा तो रविवारचा शौक आहे, आणि हा फरक ज्या डायव्हरला कळत नाही त्याने बाथटबमध्ये डुंबावं.

आमचे नियम कुठे पाटीवर लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या काठापर्यंत मापायचं, सत्याऐंशी मिलिमीटरला एक कमी भरलं तरी परत सोडायचं. पोटाखाली अंडी असली तर ती मादी जिथून उचलली त्याच कपारीत ठेवायची. आपल्याला जेवायला पुरतील एवढ्याच घ्यायच्या. आणि क्रीलला हात लावायचा नाही. आत दहा शेवंडी दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या तरी नाही, दोरी अडकली असली तरी नाही. क्रील उघडणारा डायव्हर हा चोर. त्याला दुसरा शब्दच नाही या किनाऱ्यावर.

यातूनच ती पिशवीची पद्धत आलेली. नवा डायव्हर पाण्यातून वर आला की आपली जाळीची पिशवी आर्चीसमोर उघडून धरतो. आर्ची हातातलं काम बाजूला ठेवून आत बघतो, वाटलं तर गेज काढून मापतो, मान हलवतो. मीही दर रविवारी धरायचे, दात वाजत असायचे तरी. तीन वर्षं धरली. मग सत्त्याण्णव सालच्या एका रविवारी मी पिशवीची दोरी सोडायला लागले तर आर्ची जाळं विणता विणता, मान वर न करता म्हणाला, “राहू दे गं. जा, कपडे बदल, गारठशील.”

मला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला त्या दिवशी एवढा आनंद झाला नव्हता, खोटं नाही सांगत. त्यानंतर आठ वर्षं मी त्याच्या समोरून पिशवी घेऊन जायचे आणि तो मान वर करायचा नाही. हा मान होता माझा. कमावलेला.

आता त्या मादीचं सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. दोन हजार चारच्या ऑक्टोबरात मला एका कपारीत एक दांडगी शेवंड सापडली. डावी नांगी उजवीच्या अर्धी, कधीतरी तुटून पुन्हा वाढलेली. पोटाखाली अंडीच अंडी, काळ्या मण्यांसारखी. मी तिला अलगद परत ठेवणार होते, पण आर्ची जवळच होडीत होता. म्हणाला, “दे इकडे, हिला खूण करू.” खूण म्हणजे शेपटीच्या पंख्याच्या एका पाकळीला व्हीच्या आकाराची खाच पाडायची. ती खाच दिसली की समजायचं, ही अंडी धरणारी मादी आहे. मग अंडी असोत नसोत, तिला कोणी घ्यायचं नाही. कायद्यानेच मनाई आहे. आर्चीने खाच पाडायचा चिमटा माझ्या हातात दिला. माझी बोटं गारठलेली, पहिली खाच अर्धवटच तुटली, म्हणून शेजारी दुसरी पाडली. “दोन घास घेतलेस की!” म्हणून आर्ची एवढा हसला की होडी हलली. मग आम्ही तिला सोडली.

त्या हिवाळ्यात वाटेवरचं दगडी घर विकलं गेलं आणि घेतलं कोणी, तर डॉक्टर शशिकांत यांनी. हाडांचे डॉक्टर, कन्सल्टंट, मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीला पहिले उभे. बायको सीमा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, हाताला चव असलेली, जरा भित्री. मला काय आनंद झाला! आपली माणसं, आणि माझ्या समुद्राच्या तोंडाशी! थंडीत कुडकुडत वर आलं की चहा मिळेल, मराठी बोलता येईल. मूर्ख होते मी.

वास्तुशांत झाली, आणि त्यानंतरच्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. रिकाम्या हाताने कसं जायचं? सकाळी बुडी मारली, दोन शेवंडी काढल्या, मापाच्या, नियमातल्या, आणि नेल्या. सीमाने वाटण घालून अशी केली की डॉक्टर बोटं चाटत राहिले. आणि मग म्हणाले, “सुमेधाताई, पुढच्या वेळी गाबोळीवाली आणा ना एखादी. आमच्याकडे आई माशाची गाबोळी तळायची, भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या त्याच्यावरून. शेवंडीची तर काय लागत असेल!”

मी समजावून सांगितलं. अंडीवाली घेत नाही आम्ही, डॉक्टर. माप, खाच, आर्ची, सगळं सांगितलं. ते ऐकून हसले. “अहो, एका मादीने काय समुद्र आटतो?” मीही हसले तेव्हा. जेवायला बोलावलेल्या माणसाने यजमानाशी वाद काय घालायचा, म्हणून.

एप्रिलमध्ये गेट आलं. छातीएवढं, हिरवं, लोखंडी. त्यावर पाटी: प्रायव्हेट, किनाऱ्याकडे रस्ता नाही. आणि नारळाएवढं कुलूप.

आता खरं ते सांगते. आमच्या डायव्हिंग क्लबातल्या दोघांनी गाढवपणा केला होता. डॉक्टरांच्या दारासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये व्हॅन आडवी लावली, आणि एकाने तर सीमाच्या किचनच्या खिडकीसमोर टॉवेल न गुंडाळता डायव्हिंगचा सूट उतरवला. मला कळलं तेव्हा मी त्या दोघांना असं झापलं की एक जण आजही माझा फोन उचलत नाही. डॉक्टरांकडे जाऊन क्लबच्या वतीने माफी मागितली. म्हटलं, यापुढे सगळे खाली शेडमागे कपडे बदलतील, गाड्या वर रस्त्यावर राहतील, पण ती वाट बंद करू नका. ती गावाची वाट आहे, साठ-सत्तर वर्षं लोक तिथून समुद्रावर जातात, आणि आता तर फेब्रुवारीपासून कायदाच आलाय, स्कॉटलंडमध्ये असं कोणाला अडवता येत नाही.

“कायदा मलाही वाचता येतो,” डॉक्टर म्हणाले. “घराला प्रायव्हसी असते. पाच वर्षं नाइट ड्यूट्या केल्या, पंचवीस वर्षं एनएचएसमध्ये घासली, तेव्हा हे घर झालंय सुमेधाताई. कोणी यायचं आणि माझ्या दारातून जायचं?” आणि मग खिशातून एक किल्ली काढून माझ्या पुढे धरली. “तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही आपल्या. तुम्ही खुशाल या-जा करा. आर्चीलाही दिलीय एक.”

“आणि मोइरा?”

“तुमच्याबरोबर आली तर येऊ दे. बाकीच्यांचं मला सांगू नका.” मग जरा वाकून, गमतीत बोलल्यासारखं, “बदल्यात एखादी गाबोळीवाली. हं?”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. साऱ्या जगाला बंद केलेल्या दाराची किल्ली मला, का तर माझं आडनाव कळतं म्हणून! आणि वर लाच! मी ती किल्ली त्यांच्या हातात परत कोंबली. म्हटलं, “गेट उघडाल त्या दिवशी येईन मी, सगळ्यांबरोबर.” आणि कौन्सिलला पत्र लिहिलं. आम्ही वाट सोडून दक्षिणेकडच्या खडकांवरून उतरायला लागलो, पाठीवर वीस किलोचा सिलिंडर घेऊन, शेवाळावरून, घसरत, शिव्या देत.

आर्चीला मात्र डॉक्टर आवडले होते. त्यांनी त्याला किल्ली दिली, त्याचा दुखरा गुडघा शेडमध्ये येऊन तपासून दिला, एक्स-रे लवकर करून दिला. “चांगला माणूस आहे,” आर्ची मला म्हणाला. “पाटीचं काय घेऊन बसलीस. होईल नीट.”

मग मे महिन्यात आर्चीचे क्रील रिकामे निघायला लागले.

एकदा झालं, त्याने नवं आमिष घालून पिंजरे पुन्हा टाकले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा पिंजऱ्याचं दार भलत्याच गाठीने बांधलेलं होतं. म्हणजे माणसाचा हात लागला होता. तिसऱ्या रविवारी मी आणि मोइरा स्लिपवेवर वर आलो, तर आर्ची शेडच्या दारात उभा. जाळं विणत नव्हता. उभा होता.

“सुमेधा,” म्हणाला, “पिशवी उघड.”

मला आधी कळलंच नाही. मी हसले सुद्धा. “काय रे?”

“उघड म्हटलं ना. तुझीच नाही, सगळ्यांच्या बघणार आहे. डॉक्टर म्हणाले, खिडकीतून त्यांना माझ्या नारिंगी गोळ्यांपाशी डायव्हर दिसले होते.”

आठ वर्षं. आठ वर्षं मान वर न करणाऱ्या माणसाने माझ्या पिशवीत हात घातला. एकच शेवंड होती, चांगली शंभर मिलिमीटरची. त्याने ती मापली, उलटी केली, शेपटी बघितली, परत टाकली. मोइरा पांढरीफटक पडली. मी एक शब्द बोलले नाही, आणि तुम्हाला एव्हाना समजलं असेलच की मी न बोलणं म्हणजे काय. वर बघितलं, तर दगडी घराच्या मोठ्या खिडकीत डॉक्टर कपातून काहीतरी पीत उभे होते.

“मी घेतलं असेल असं वाटतं तुला?” मी शेवटी विचारलं.

आर्ची समुद्राकडे बघत म्हणाला, “मला काही वाटत नाही. क्रील रिकामे आहेत एवढं माहीत आहे.” आणि मग, “थोडे दिवस तुम्ही लोक इकडे न आलात तर बरं.”

घरी येऊन मी भांडी घासली. स्वच्छ होती ती, तरी घासली. ह्यांनी विचारलं काय झालं, तर सांगता सांगता रडायलाच आलं. हे म्हणाले, “अगं, दुसरा समुद्र बघ. स्कॉटलंडला काय तोटा आहे समुद्राचा?” बिचारे भल्यासाठीच म्हणाले. पण मला समुद्र नको होता. मी चोर नाही हे त्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला. बाकी काही नको होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी डॉक्टरांच्या पन्नाशीचं जेवण होतं. सीमाने तीनदा फोन केला. “ये गं सुमेधा, ह्यांच्याशी गेटचं बोल, तुझं ऐकतील. वाढदिवस आहे, मूड चांगला असेल.” गेले. हे आले नाहीत, मासे आहेत म्हटल्यावर त्यांना निमित्तच मिळालं. मंडळाची सात-आठ माणसं होती, मधुमतीबाई सगळ्यांत मोठ्या, टेबलाच्या टोकाला बसलेल्या. सीमाने रस्सा वाढला, आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, “सुमेधा या खात्यातली, तिला शेपटीचा तुकडा.” वाढताना माझ्याकडे बघितलं नाही तिने.

माझ्या ताटात शेवंडीची शेपटी पडली. लालभडक, पंखा पसरलेला. पंख्याच्या एका पाकळीला खाच होती. एक नीट, आणि तिच्या शेजारी एक अर्धवट तुटलेली.

मी ती उचलली. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. परातीत बघितलं. एक नांगी मोठी, एक अर्धी. आणि डॉक्टरांच्या ताटात, कडेला वेगळी वाढलेली, केशरी गाबोळी.

“ही कुठून आणलीत, डॉक्टर?”

“आपल्या दारातून!” ते खुशीत होते. “अहो, मोठ्या ओहोटीला तो नारिंगी बॉल अगदी खडकापर्यंत येतो. गोल्फच्या काठीने दोरी ओढली की झालं. तुम्ही लोक उगाच ते सिलिंडर पाठीवर घेऊन फिरता.” सगळे हसले.

“तो क्रील आर्चीचा आहे.”

“पिंजरा त्याचा असेल. शेवंड त्याची कशी? समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे?”

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, ती तशीच पडू दिली. “अस्सं! गोट्यांवरून चालायला गेलं तर ते तुमच्या बापाचं, आणि दुसऱ्याच्या पिंजऱ्यातलं उचलायचं तेव्हा समुद्र कोणाच्याच बापाचा नाही? आणि आर्चीला सांगितलंत की डायव्हर्सनी नेलं?”

“मी म्हणालो, डायव्हर्स दिसले. दिसले होतेच. तुमचं नाव घेतलं का मी?”

“त्या रविवारी त्याने माझी पिशवी उघडायला लावली. तुम्ही खिडकीत उभे होतात. बघत होतात ना?”

डॉक्टरांनी ताटातल्या भातात बोटं फिरवली. “मला ऑकवर्ड वाटलं हो,” म्हणाले. “पण तेव्हा मध्ये पडून काय सांगणार होतो?”

ऑकवर्ड! दुसऱ्याच्या कष्टाची चोरी करायची, ती माझ्या माथ्यावर जाऊ द्यायची, आणि चहाचा कप हातात घेऊन ऑकवर्ड वाटून घ्यायचं! मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. लाज नाही का वाटत, हे नक्की बोलले. दोनदा.

“अगं सुमेधा,” मधुमतीबाई म्हणाल्या, “बस. खाली बस. एका खेकड्यासाठी एवढं? घरातलं घरात ठेवावं. बाहेर कळलं तर आपल्या सगळ्यांकडे बोट दाखवतील.”

“खेकडा नाही तो मधुमतीबाई. आणि बोट दाखवून झालंय. माझ्याकडे.”

मी किचनमध्ये गेले हात धुवायला. सीमा मागोमाग आली, दार लोटून घेतलं.  “सुमेधा, पाया पडते तुझ्या. पोलिसात गेलं तर ह्यांच्या डॉक्टरकीच्या रजिस्ट्रेशनपर्यंत जाईल. पंचवीस वर्षांची नोकरी गं. तुझं काय, छंद आहे तो. दुसरीकडे जाशील.”

“तुला माहीत होतं?”

तिने नळ बंद केला. “मीच साफ केली. अंडी होती. खाच पण दिसली, पण मला वाटलं कशात तरी अडकून तुटलं असेल.” मग हळूच, “नाही. नव्हतं वाटलं. तू सांगितलं होतंस ना त्या दिवशी जेवताना.”

आणि बघा, आपल्या बायकांचे हात कसे शिकलेले असतात. एवढं सगळं झालं, ती रडतेय, आणि तरी तिने कपाटातून स्टीलचा डबा काढून त्यात वाढदिवसाचा शिरा भरायला घेतला. माझ्या ह्यांच्यासाठी. ह्यांना आवडतो म्हणून. मी तो डबा तिच्या हातातून घेतला, शिरा परत पातेल्यात उपडा केला, बाहेर जाऊन माझ्या ताटातली शेपटी त्यात ठेवली आणि झाकण लावलं.  डॉक्टर म्हणाले, “सुमेधाताई, विचार करा.” मी म्हटलं, “केला.”

गेटला कुलूप होतं. मी साडी खोचली आणि गेटवरून चढून पलीकडे उतरले. पन्नास वर्षांची बाई, पैठणी नेसून, हातात डबा. मंडळाची सगळी माणसं खिडकीतून बघत असणार. बघू देत.

आर्ची शेडमध्ये आमिष कापत होता. मी डबा त्याच्यासमोर फळीवर ठेवला आणि उघडला. त्याने हात पुसले, शेपटी उचलली, बोटाने वाटण बाजूला सारलं. एक खाच, दुसरी खाच. बराच वेळ अंगठा त्यावर फिरवत राहिला.

“दोन घास,” म्हणाला.

“डॉक्टरांच्या टेबलावर होती. गोल्फच्या काठीने दोरी ओढली, त्यानेच कबूल केलं सगळ्यांसमोर.”

आर्चीने वरच्या खिडकीकडे बघितलं. मग शेपटी डब्यात ठेवत, अगदी सहज, जशी एखाद्याची शंका फिटावी तसं म्हणाला, “म्हणजे तुमच्यातलाच निघाला.”

मला वाटलं होतं की मी तिथे रडेन, तो माफी मागेल. कसलं काय! “माझ्यातला?” मी ओरडले. “माझ्यातला कसा? अकरा वर्षं तुझ्यासमोर पाण्यातून वर येतेय मी! अंडीवाली सोडते ती मी, हात गोठेस्तोवर खाच पाडते ती मी, तो आल्याला सहा महिने झाले नाहीत! त्याने गुडघा दाबून दिला तर तो चांगला माणूस, आणि चोर निघाला की लगेच माझ्यातला?”

“मला तसं म्हणायचं नव्हतं,” आर्ची म्हणाला. लाल झाला होता. “मी चुकलो सुमेधा. तू नव्हतीस.” टोपी काढून, पुन्हा घालून, तो काठी टेकत वाट चढून गेला. त्याच्याकडे किल्ली होतीच.

वर काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. आर्ची पोलिसांत गेला नाही. डॉक्टरांनी त्याला माफीचं पत्र लिहिलं, टाइप करून, खाली सही आणि डिग्र्या. दोन आठवड्यांनी कौन्सिलचा माणूस आला आणि गेटचं कुलूप निघालं, पाटीही निघाली. मंडळात मात्र मी घर फोडणारी ठरले. गणपतीच्या मीटिंगचा फोन त्या वर्षी मला आलाच नाही. सीमाचा डबा अजून माझ्याकडे आहे, रिकामा परत करायचा नाही म्हणून राहिलाय आणि भरून द्यायची इच्छा होत नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी आणि मोइरा परत गेलो. गेट उघडं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. पाणी स्वच्छ होतं. दोन शेवंडी मिळाल्या, दोन्ही नर, एक ब्याण्णव मिलिमीटर, एक पंच्याण्णव. एक अंडीवाली दिसली, तिच्या कपारीला लांबूनच नमस्कार केला. वर आलो तेव्हा आर्ची शेडसमोर खोक्यावर बसून जाळं विणत होता, अगदी पूर्वीसारखा. “पाणी कसं होतं?” त्याने विचारलं. “मस्त,” मी म्हटलं. मोइरा पुढे गेली.

मी त्याच्या समोरून चालायला लागले.  त्याची विणायची सुई थांबली. दोन्ही हात मांडीवर, आणि नजर वर. माझ्याकडे नाही. पिशवीकडे.

त्याने मागितली नाही, हे मी देवाशपथ सांगते. मीच थांबले. मीच दोरी सोडली आणि पिशवी त्याच्यासमोर उघडून धरली, नव्या डायव्हरसारखी. वाटलं, म्हणेल, राहू दे गं. आता म्हणेल, जा, गारठशील. तो उठला, गुडघ्याने कण्हला, जवळ आला आणि आत बघितलं. अगदी तळापर्यंत. मग खिशातून गेज काढला.

तो मापत होता तेव्हा वरून टकटक ऐकू आली. दगडी घराच्या मोठ्या खिडकीत डॉक्टर शशिकांत उभे होते. काचेवर अंगठी वाजवत होते, आणि हसत, मोठ्या आपुलकीने, मला हात हलवून दाखवत होते. झालं गेलं विसरलं, असा तो हात.

मी हात हलवला नाही. माझे दोन्ही हात पिशवी उघडी धरण्यात गुंतले होते.